अडचण भट्टीबाहेरच : अणुऊर्जेवर वाचकांचे प्रश्न

जगभरातल्या अणुवीज केंद्रांच्या बातम्यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांची शंका भट्टीच्या गाभ्याविषयी असते. उत्तर शोधायला लागलं की मात्र पाण्याचा पंप, नळीचा सांधा, कर्जावरचं व्याज, नाहीतर इंधनाचा एकुलता एक पुरवठादार समोर येतो.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीन केंद्रातल्या चार भट्ट्या जेलीफिशमुळे बंद पडल्या असं वाचलं. हे खरं आहे का? जेलीफिश आत शिरलेच कसे?

खरं आहे. मात्र ते भट्टीत नव्हे, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपांच्या गाळणीवर अडकले. आधी पाणी किती लागतं ते पाहू. ९०० मेगावॉट वीज देणारी भट्टी सुमारे २,७०० मेगावॉट उष्णता तयार करते. त्यातल्या एक तृतीयांश उष्णतेची वीज होते आणि उरलेली १,८०० मेगावॉट कंडेन्सरमधून (इथे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं) समुद्रात सोडून द्यावी लागते. पाणी १० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे ४३ टन पाणी फिरवावं लागतं. दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला, एका भट्टीसाठी.

एवढ्या पाण्यातून समुद्रातलं काहीही येणारच. म्हणून तोंडाशी जाड गज असतात आणि त्यामागे जाळीचा भलामोठा फिरता ड्रम. शेवाळ, काटक्या, मासे जाळीवर अडकतात, ड्रम वर आला की पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघतात. जेलीफिशचं तसं होत नाही. त्याचं अंग बहुतांश पाणीच. जाळीवर दाबलं गेलं की ते चपटं होऊन चिकटतं, नाहीतर फाटून त्याचा लगदा होतो. जाळी बुजली की तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याच्या पातळीत फरक पडायला लागतो. हा फरक ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की पंप थांबवावा लागतो, नाहीतर जाळी फाटून लगदा थेट कंडेन्सरच्या नळ्यांत जाईल. पंप थांबला की कंडेन्सरमधली निर्वात स्थिती जाते, ती गेली की टर्बाइन थांबतं, आणि वाफ घ्यायला कुणी नाही म्हटल्यावर भट्टीही आपोआप बंद होते. ग्रावलीनमध्ये १० ऑगस्टच्या रात्री तीन आणि ११ च्या पहाटे चौथी भट्टी अशीच थांबली. उरलेल्या दोन दुरुस्तीसाठी आधीच बंद होत्या, त्यामुळे ५,४०० मेगावॉटचं केंद्र शून्यावर आलं.

यात धोका नव्हता, कारण बंद भट्टी थंड ठेवायला लागणारं पाणी या मानाने फारच थोडं असतं. स्कॉटलंडच्या टॉर्नेस केंद्रात २०११ मध्ये आणि स्वीडनच्या ऑस्कर्सहाम्नमध्ये २०१३ मध्ये हेच घडलं होतं. नदीकाठच्या केंद्रांची तक्रार वेगळी. गारोन नदीवरच्या गोल्फेश केंद्राला नदीचं पाणी २८ अंशांवर गेलं की थांबावं लागतं. यंत्र चालू शकतं, पण नदीतल्या जिवांसाठी घातलेली मर्यादा ओलांडता येत नाही. नेमकी उन्हाळ्याच्या लाटेत, विजेची मागणी चढलेली असतानाच, ही वेळ येते.

प्रश्न : युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया केंद्राच्या सहाही भट्ट्या बंद आहेत. मग तिथली वीज गेली की जगभर काळजी का? बंद चुलीला कसली भीती?

चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं की आग विझते. अणुइंधनाचं तसं नसतं. नियंत्रक कांड्या आत गेल्या की विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी लगेच तुटते, पण आधीच्या विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देतच राहतात. ३,००० मेगावॉट उष्णतेची, म्हणजे १,००० मेगावॉट विजेची भट्टी घेऊ. बंद केल्या क्षणी सहा ते सात टक्के, सुमारे २०० मेगावॉट. तासाभराने दीड टक्का, ४५ मेगावॉट. दिवसाने अर्धा टक्का, १५ मेगावॉट. हे १५ मेगावॉट नुसतं पाणी उकळून काढायचं म्हटलं, तरी तासाला वीसेक टन पाणी वाफ होऊन जाईल. पंप चालला नाही तर ते पाणी इंधनाच्या डोक्यावरचंच असतं.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला नेमकं हेच बिघडलं. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. मग त्सुनामीचं पाणी आलं आणि तळघरातले जनरेटर व विजेचे पॅनेल बुडाले. सहाव्या युनिटचा एक जनरेटर हवेने थंड होणारा होता, तो वाचला. त्याच्यावर पाच आणि सहा ही दोन युनिटं तगली. जनरेटर किती आहेत एवढंच विचारून भागत नाही. ते कुठे ठेवलेत आणि कशाने थंड होतात, हे आधी विचारावं.

झापोरिझ्झियाचं चित्र आता थोडं सौम्य आहे. मार्च २०२२ पासून ते रशियाच्या ताब्यात आहे, २०२२ च्या सप्टेंबरनंतर तिथे वीजनिर्मिती झालेली नाही आणि एप्रिल २०२४ पासून सहाही भट्ट्या पूर्ण थंड अवस्थेत आहेत. उष्णता पुष्कळ उतरली आहे, त्यामुळे थंडावा खंडित झाला तर हाताशी तास नव्हे, दिवस आणि आठवडे मिळतात. पण पंप चालूच लागतात. भट्ट्यांना आणि वापरलेल्या इंधनाच्या कुंडांनाही. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि केंद्राला पाणी देणारा जलाशय आटला. तेव्हा केंद्राच्या आवारात ११ विहिरी खोदल्या. त्यांचं तासाला सुमारे २५० घनमीटर पाणी फवारा-तलावांत (जिथे पाणी हवेत फवारून निववतात) जातं. बंद भट्ट्यांना तेवढं पुरतं, चालू एका भट्टीलाही पुरणार नाही. युद्धाआधी केंद्राला बाहेरून दहा वीजवाहिन्या होत्या; पुढे कधी दोन, कधी एकच राहिली. २३ सप्टेंबर २०२५ ला तीही तुटली आणि महिनाभर सगळा भार डिझेलवर होता. दोन्ही बाजूंनी स्थानिक युद्धविराम पाळल्यावर तारा जोडता आल्या. जनरेटर महिनाभर चालवणं म्हणजे डिझेलचे टँकर युद्धक्षेत्रातून सतत आणत राहणं. काळजी त्याची होती.

प्रश्न : इराणकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम होतं, बॉम्बला ९० टक्के लागतं. म्हणजे अजून एक तृतीयांश वाट बाकी होती ना?

आकडे तसे भासतात खरे. इथे टक्क्यांकडे न बघता किती अणू बाजूला काढायचे ते मोजा. खाणीतल्या युरेनियमच्या १,४०० अणूंत उपयोगाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे, फक्त १० असतात. बाकी सगळे २३८.

हे प्रमाण ४ टक्के करायचं तर १,४०० पैकी १,१५० नको असलेले अणू काढावे लागतात. उरतात २५०, त्यात आपले १०. २० टक्क्यांना आणखी २०० काढायचे, उरले ५०. ६० टक्क्यांना ३३ काढायचे, उरले १७. आणि ९० टक्क्यांना? फक्त ६.

प्रत्यक्ष सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे गरगर फिरवून हलके-जड अणू वेगळे करणाऱ्या यंत्राचं, काम असं सरळ मोजता येत नाही, पण कल हाच. सगळ्यात मोठं ओझं वीजकेंद्राच्या इंधनापर्यंत पोचतानाच उचललं गेलेलं असतं. म्हणूनच बड्या देशांनी इराणशी केलेल्या २०१५ च्या अणुकरारात त्याला ३.६७ टक्के ही मर्यादा घातली होती आणि साठाही मोजून ३०० किलो युरेनियम हेक्साफ्लोराइडवर (सेंट्रिफ्यूजमध्ये वायुरूपात भरायचं संयुग) बांधला होता. मर्यादा आणि साठा या दोन्हींची गरज होती. नुसत्या टक्क्याला अर्थ नाही. अमेरिका मे २०१८ मध्ये करारातून बाहेर पडली, इराणने पुढे टप्प्याटप्प्याने मर्यादा ओलांडल्या. जून २०२५ मध्ये फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर हल्ले झाले, त्याआधी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजाने ६० टक्क्यांचा साठा ४४० किलोच्या आसपास होता. पुढे समृद्ध केला तर एका अस्त्राला पुरेल असा साठा म्हणून ही संस्था ६० टक्क्यांचं सुमारे ४२ किलो युरेनियम धरते. इमारती पाडता येतात. पण काही सिलिंडरांत मावणारा साठा नेमका कुठे आहे, हे निरीक्षक आत गेल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : छोट्या मॉड्युलर भट्ट्या कारखान्यात बनवून स्वस्तात मिळणार, असं वर्षानुवर्षं ऐकतो. अडलंय कुठे?

एक तर हिशेबात. रसायन कारखान्यांपासून वीजकेंद्रांपर्यंत अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : आकार निम्मा केला तर खर्च निम्मा होत नाही, साधारण ६६ टक्के होतो. म्हणजे दर मेगावॉटमागे खर्च एक तृतीयांशाने वाढतो. नियंत्रण कक्ष, पहारा, परवान्याची कागदपत्रं, भूकंपाचा अभ्यास, हे सगळं भट्टी लहान म्हणून लहान होत नाही. हा तोटा भरून काढायचा तर एकाच नमुन्याच्या भट्ट्या डझनांनी काढाव्या लागतात. पहिल्या गिऱ्हाइकाला मात्र पहिल्याच भट्टीची किंमत मोजावी लागते, आणि पहिलं गिऱ्हाईक व्हायला कुणी तयार नसतं.

अमेरिकेतल्या न्यूस्केल कंपनीचा ४६२ मेगावॉटचा प्रकल्प असाच बुडाला. विजेचा अंदाजी दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, पुरेशी गावं ती वीज घ्यायला पुढे आली नाहीत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने उलट वाट धरली. डार्लिंग्टनला ३०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांना मे २०२५ मध्ये हिरवा कंदील दिला, अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर. १,२०० मेगावॉटला ही रक्कम अजिबात स्वस्त नाही. तिथलं सरकार पहिल्या भट्टीचा तोटा उघड्या डोळ्यांनी पत्करतंय, एवढाच फरक. प्रत्यक्ष चालू असलेल्यांत रशियाचं पेवेक बंदरातलं तरंगतं केंद्र (३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या, २०२० पासून) आणि चीनची शिदाओवानची उच्च तापमानाची, वायूने थंड होणारी भट्टी (डिसेंबर २०२३ पासून व्यापारी निर्मिती) यांची नावं घेता येतात. दोन्हीकडे सरकारच बांधणारं, सरकारच विकत घेणारं.

दुसरी अडचण इंधनाची, आणि माझ्या मते जास्त अवघड. नेहमीच्या १,००० मेगावॉटच्या केंद्राला वर्षाला सुमारे २२ टन, साडेचार टक्के समृद्ध इंधन लागतं. त्यासाठी २०० टन नैसर्गिक युरेनियम सेंट्रिफ्यूजमधून जावं लागतं. हा बाजार रुळलेला आहे. नव्या आराखड्यांपैकी बऱ्याचजणांना मात्र ५ ते २० टक्क्यांच्या मधलं समृद्ध इंधन हवं असतं. गाभा लहान ठेवायचा तर तेवढं दाट इंधन लागतंच. व्यापारी प्रमाणात ते विकणारा एकच देश होता, रशिया. वायोमिंगमधल्या केमरर इथल्या टेरापॉवर कंपनीच्या, सोडियमने थंड होणाऱ्या भट्टीची तारीख डिसेंबर २०२२ मध्ये किमान दोन वर्षांनी पुढे ढकलली गेली, ती याच कारणाने. मे २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा केला, त्यात २०२७ अखेरपर्यंत सवलतीची खिडकीही ठेवावी लागली. सेंट्रिफ्यूजची नवी ओळ उभी करायला वर्षं लागतात. ऑर्डर नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून ऑर्डर नाही.

प्रश्न : पाश्चात्त्य देशांत अणुकेंद्रांचा खर्च दुप्पट-तिप्पट का होतो? सिमेंट आणि लोखंड एवढं महागलं का?

सिमेंट-लोखंडाचा वाटा फार नाही. वेळेचा आहे. समजा भट्टीचा खर्च १०० रुपये आणि कर्जाचा दर ८ टक्के. पैसे सारख्या हप्त्यांत पाच वर्षांत खर्च झाले तर चालू होईतो व्याजासकट ११७ होतात. पंधरा वर्षं लागली तर १८१. तोच दर ३ टक्के असेल तर पंधरा वर्षांनीही १२४. म्हणजे बांधणीच्या वेगाइतकंच महत्त्व कर्ज कोण देतंय याला आहे. ब्रिटनने साइझवेल सी प्रकल्पासाठी (जुलै २०२५ चा निर्णय, ३८ अब्ज पौंड) बांधकाम चालू असतानाच ग्राहकांच्या बिलातून थोडं वसूल करायची पद्धत घेतली, ती दर खाली आणण्यासाठीच. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अणुऊर्जेला कर्ज न देण्याचं जुनं धोरण सोडलं, तेही याच अंगाने वाचावं.

वेळ जातो कुठे? फ्रान्सच्या फ्लामांव्हिल-३ चं काम २००७ ला सुरू झालं आणि वीज जाळ्यात आली २१ डिसेंबर २०२४ ला. मध्ये भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बनचं प्रमाण जागोजागी जास्त निघालं. नंतर वाफेच्या मुख्य नळ्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष सापडले. त्यातले आठ सांधे संरक्षक इमारतीच्या दोन भिंतींच्या मधोमध, जिथे माणसाचा हात धड पोचत नाही असे. कंपनीला ते भट्टी चालू केल्यावर सवडीने दुरुस्त करायचे होते. जून २०१९ मध्ये नियामकाने नाही म्हटलं आणि त्यासाठी खास रोबो बनवावे लागले. फिनलंडच्या ओल्किलुओतो-३ चं काम २००५ ला सुरू झालं, २००९ ला संपायचं होतं, नियमित वीज आली एप्रिल २०२३ मध्ये. शेवटचे काही महिने गेले ते टर्बाइनकडच्या पाणीपुरवठा पंपांच्या पंख्यांना तडे सापडले म्हणून. अमेरिकेत व्होग्टलच्या दोन नव्या भट्ट्या ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेल्या, वाटेत त्यांचा आराखडा करणाऱ्या वेस्टिंगहाउसने २०१७ मध्ये दिवाळखोरी पत्करली. अबुधाबीतल्या बराकाच्या चार कोरियन भट्ट्या मात्र २०१२ ते २०२४ मध्ये पुऱ्या झाल्या. कोरियात तोच नमुना आधीपासून बांधला जात होता, वेल्डर आणि पर्यवेक्षक घरी बसलेले नव्हते. युरोप-अमेरिकेत मध्ये एक अख्खी पिढी काहीच बांधलं नाही आणि हात उतरला.

चालू भट्ट्यांनाही हे चुकत नाही. २०२१ च्या अखेरीस फ्रान्सच्या सिव्हो केंद्रात दहा वर्षांच्या तपासणीत आपत्कालीन पाण्याच्या नळीच्या वळणाजवळ, वेल्डिंगलगत, बारीक तडे दिसले. ताण आणि पाणी मिळून केलेलं गंजणं. नळीच्या आकारामुळे आत गरम आणि गार पाण्याचे थर पडत होते, त्याने ताण वाढला होता. त्याच धाटणीच्या बाकी भट्ट्या तपासायला बंद कराव्या लागल्या आणि २०२२ ला फ्रान्सचं अणुवीज उत्पादन २७९ अब्ज युनिटांवर आलं, १९८८ नंतरचं सर्वांत कमी. एकाच नमुन्याच्या भट्ट्या बांधल्या की खर्च वाचतो; दोष निघाला तर तोही सगळ्यांत एकदम निघतो.

प्रश्न : अपघात झाला तर भरपाई कोण देतं?

जवळपास सगळीकडे नियम एक : दोष कुणाचाही असो, चालवणारी कंपनी देणार. यंत्र पुरवणाऱ्याला कोर्टात ओढता येत नाही. १९५७ चा अमेरिकी कायदा आणि साठच्या दशकातले पॅरिस व व्हिएन्ना करार या दिशेनेच जातात. जपानमध्ये चालकाची जबाबदारी अमर्याद आहे; फुकुशिमानंतर ती कंपनीला पेलणारी नव्हती, सरकारला आधार द्यावा लागला. भारताचा २०१० चा कायदा वेगळा होता. चालकावर १,५०० कोटींची मर्यादा, पण सदोष यंत्रासाठी पुरवठादाराकडून वसुलीची वाट त्याने ठेवली होती. परदेशी कंपन्या त्यावरच अडून बसल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या शांती कायद्याने ती वाट बंद केली. आता वसुली करारात तसं लिहिलेलं असेल किंवा नुकसान जाणूनबुजून केलं असेल तरच. भोपाळ पाहिलेल्या देशाने हा बदल इतक्या झटपट केला, यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं आमचं मत.

प्रश्न : वापरलेल्या इंधनाचं शेवटी काय करतात?

बहुतेक देश सध्या थांबलेत. आधी काही वर्षं पाण्याच्या कुंडात, मग पोलाद-काँक्रीटच्या कोरड्या पिंपांत. आकारमान म्हणाल तर १,००० मेगावॉट केंद्राच्या वर्षभराच्या इंधनगोळ्या तीन घनमीटरच्या आत मावतील. जागा उष्णता आणि किरणोत्सर्ग खातात. फिनलंडच्या ओन्कालोत ४०० मीटरहून खोल खडकात, पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या डब्यात, भोवती बेंटोनाइट माती भरून ते पुरायची व्यवस्था तयार झाली आहे. २०२४ मध्ये खऱ्या इंधनाशिवाय रंगीत तालीमही सुरू झाली. ही माती भिजली की फुगून फटी बुजवते, पण १०० अंशांपुढे तापली तर तिचा तो गुण बिघडतो. म्हणून डबे एकमेकांपासून ठराविक अंतरावर ठेवायचे आणि इंधन आधी काही दशकं निवू द्यायचं. स्वीडनने फॉर्समार्कला जानेवारी २०२५ मध्ये खोदाई सुरू केली.

प्रश्न : जर्मनीने बंद केलेल्या भट्ट्या पुन्हा सुरू करता येतील का? अमेरिका तर करतेय.

अमेरिकेत मिशिगनची पॅलिसेड्स २०२२ ला बंद झाली आणि लगेचच ती परत उभी करायची धडपड सुरू झाली. तरीही स्टीम जनरेटरच्या, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांत तडे सापडले आणि शेकडो नळ्यांत आतून दुसरी नळी बसवावी लागली. बंद काळात या नळ्यांभोवतीचं पाणी योग्य रसायनं घालून राखावं लागतं. कायमची बंद समजून सोडलं की गंज आपलं काम करतो. थ्री माइल आयलंडची पहिली भट्टी (दुसरीत १९७९ चा अपघात झाला होता) २०१९ ला बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये वीस वर्षांच्या वीजखरेदीचा करार केला म्हणून ती उघडतेय.

जर्मनीच्या शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला थांबल्या. तेव्हापासून तिथे तोडकाम चालू आहे, कायद्याने वीज बनवण्याचा परवाना संपला आहे, प्रशिक्षित चालक पांगले आहेत, आणि कंपन्यांनाही त्यात रस उरलेला नाही. आधीच बंद झालेल्या गुंड्रेमिंगन केंद्राचे दोन शीतन-मनोरे ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडले.